दातावरचा मोती

मोती दातावरून नुसता सरकला. खरखर नाही, वाळूचा कण लागल्यासारखं नाही, काही नाही. ओल्या साबणाची वडी हातातून निसटावी तसा निसटला आणि ओठाला गार लागून थांबला. मी तो रुमालाला पुसला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, समोरच्या दातांवर पुन्हा घासला. पुन्हा तेच. मग थैलीतला दुसरा घेतला, तिसरा घेतला, मधला मोठा घेतला. गॅसवरचं दूध उतू गेलं ते करपल्याचा वास आल्यावर कळलं. गॅस बंद केला, ओटा पुसायला घेतला आणि अर्धवट सोडून खुर्चीवर बसले. आईचे मोती खोटे होते. म्हणजे आईचे खरेच होते. हे तिचे नव्हते. सर तुटला म्हणून वहिनीने ते माझ्या ओंजळीत ओतले तेव्हा म्हणाली होती, "वन्सं, तुम्हीच बघा काय ते. आईंनी पारख तुम्हाला शिकवली, आम्हाला कुठे." आणि न मोजता ओतले होते. मीही न मोजताच घेतले. घरच्यांत मोजून द्यायचं नसतं आणि मोजून घ्यायचं नसतं, मोजायला लागलं की घराचं दुकान होतं, असं आई म्हणायची. तीच आई साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवायची, म्हणजे कुणी मधे हात घातला तर कळावं.

मोती दातावर घासायला तिनेच शिकवलं. मी शाळेत होते, आणि त्या दिवशी ताप असणार, कारण भर दुपारी घरी होते. आई कपाटासमोर जमिनीवर बसली होती, मांडीवर सर, आणि तिने मला हाक मारून "आ कर" म्हटलं. मला वाटलं औषध. तिने एक मोती माझ्या दाताच्या कडेवर टेकवला आणि हलकेच ओढला. कानामागेपर्यंत शहारा गेला. "काय लागलं?" "खरखरतंय." "खरं असतं ते खरखरतंच. गुळगुळीत लागलं की समजायचं, कुणीतरी फसवलं आपल्याला." मग तिने माझ्याच खेळातल्या माळेचा मणी ओढून दाखवला आणि तो खरंच कसा बिनबोभाट सरकला. तेव्हापासून ही पारख माझ्या अंगात भिनली, आणि मोत्यांपुरती ठेवायची ती मी माणसांनाही लावली. गोड बोलणारा दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. नवरा होता तोवर चेष्टा करायचा की हिला मिठाची पुडी दिली तरी ही चाखून बघेल, साखर तर नाही ना दिली. चाखून बघतेच मी. त्यात कुणाचं काय जातं?

वहिनी तशी गुळगुळीतच. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. आई शेवटी शेवटी तिला काय वाटेल ते बोलायची. एकदा चमचा चोरल्याचा आळ घेतला. वहिनी "शोधते हं आई" म्हणाली, आईच्या उशीखालून चमचा काढला, धुऊन तिच्या हातात दिला आणि पोळी करायला गेली. तेव्हा मला भरून आलं होतं. आता खुर्चीवर बसल्या बसल्या तोच प्रसंग मी उलटा करून बघितला: इतकं सोसणारं माणूस सोसतं कशासाठी? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आणि मग एकेक आठवायला लागलं, जसं एक धागा ओढला की आख्खी शिवण उसवत जाते. आईच्या शेवटच्या वर्षात एकदा मी गेले तर तिचा गळा मोकळा. बोटं मात्र सवयीने सर चाचपत होती, कातडीवरच. "ओवायला दिलाय," वहिनी म्हणाली. "दोरा कुजला होता." पुढच्या खेपेला सर परत गळ्यात. मोती बदलायचे तर ते ओवायला देतानाच बदलतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मला तेव्हा कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं.

आणि मागच्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात घसरले, तोंड बेसिनवर आपटलं, समोरचे दात गेले, तेव्हा कोण धावून आलं? तीच. बॅग घेऊन आली आणि माझं तोंड बरं होईपर्यंत राहिली. खाणं कुस्करून चमच्याने भरवलं. डॉक्टरकडे दर खेपेला माझ्या शेजारी बसून माझा हात धरला. डॉक्टर नवे दात बसवताना म्हणाले, "असे बसतील की काही दिवसांनी तुम्हीच विसराल," आणि ती म्हणाली, "ह्या काही विसरत नसतात हो." आम्ही सगळे हसलो. मी कमी हसले, तोंड सुजलं होतं. पण आता मला त्या दिवसांतलं वेगळंच आठवत होतं. औषधाने गुंगून पडले होते आणि माझ्या कपाटाचं दार कुरकुरलं. "काय हवंय?" मी विचारलं. "चादर काढतेय, निजा तुम्ही." सकाळी चादर बदललेली होती, हेही खोटं नाही. पण चादर काढायला कपाट जेवढं उघडावं लागतं तेवढंच उघडलं होतं का, हे मी कुठे बघितलं?

हे मी आठवडाभर मनात घोळवलं. बोलायचं तर कुणाशी? आई नाही, नवरा नाही, मूलबाळ झालं नाही. आजारीपाजारी पाठ टेकायला जगात एक दादाचं घर, आणि आईमागे माहेर वहिनीच्या हातात असतं हे मला कुणी सांगायला नको. तिने दार उघडलं तर माहेर, नाही तर नुसता पत्ता. म्हणजे गप्प बसावं. पण गप्प बसले की रात्री जिभेवर मोती असल्यासारखं वाटायचं, गुळगुळीत, आणि मी उठून पाणी प्यायचे. शेवटी आज सकाळी, वहिनीबरोबर मोतीवाल्याच्या दुकानात जायला निघण्याआधी, दादाला ऑफिसात फोन केला.

"दादा, आईचे मोती बदललेत."

"कुणी?"

"ते तुझ्या घरात तू बघ."

पलीकडे त्याचा चमचा कपात फिरत राहिला, मग थांबला. "तुला खात्री आहे?"

"मी दातावर बघितले. सगळेच्या सगळे."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बाबांसारखा झाला. "विचारतो तिला."

"आज नको. आज आम्ही दोघी मोती निवडायला चाललोय. आज नको हं."

"नाही, नाही. आज कशाला."

दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तरी सांगितलं. कदाचित म्हणूनच सांगितलं.

मोतीवाल्याचं दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक अरुंद खोली. काचेचं दार, मोठी खिडकी, खिडकीत ऊन कधीच येत नाही आणि त्याला ते नकोच असतं. आम्ही आत गेलो तसा त्याने डोक्यावरचा दिवा बंद केला. दिव्याखाली सगळेच मोती देखणे दिसतात, म्हणाला. मग आम्हाला कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला लावले, क्रीम नको, अत्तर नको, आणि टेबलावर करडं कापड अंथरलं. मला हे सगळं जरा जास्तच वाटलं. ज्याला फसवायचं असतं तो आधी हात धुवायला लावतो. मी माझ्या थैलीतले आईचे मोती कापडावर ओतले आणि ते ओतताना वहिनीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चष्मा पुसत होती.

भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं आणि तिला आजीचा लांब सर नको होता. गळ्याशी बसेल असा हार करून हवा होता. मध्यभागी आजीचे मोती आणि दोन्ही बाजूंना नवे, लहान लहान होत गेलेले, पण पाणी असं जुळलेलं की कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं हे कळू नये. पाणी म्हणजे मोत्याची झळाळी. मोतीवाल्याने सुट्या मोत्यांच्या पुड्या सोडल्या आणि चिमट्याने एकेक आईच्या मोत्याशेजारी ठेवायला लागला. एक गुलाबीकडे झुकायचा, एक हिरवटाकडे, एक शेजारी बसताच मेल्यासारखा दिसायचा. दर थोड्या वेळाने तो आम्हाला मान वर करून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायला लावत होता. "एकटक बघितलं की डोळा खोटं बोलायला लागतो," तो म्हणाला. मी भिंतीकडे बघितल्यासारखं केलं आणि डोळ्यांच्या कडेने वहिनीचा हात बघत राहिले. कारण तिच्या डाव्या तळव्याखाली काहीतरी होतं. आईच्या मोत्यांतले दोन तिने बोटाने हळूच बाजूला सारले होते आणि त्यांवर तळवा ठेवला होता, अगदी सहज, जसा कुणी टेबलावर हात टेकवतो.

"हे जुने फार छान आहेत," मोतीवाला म्हणाला. "अंगावरचे आहेत. मानेमागचे बघा कसे पिवळसर झालेत. पुढचे पांढरे राहिले."

पिवळं तर चहानेही करता येतं, मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "तुम्हाला बरं माहीत कुठला मानेमागचा."

"ओवला होता ना मीच. तेव्हाच्याच क्रमाने आजही डोळ्यांपुढे आहेत."

"हो की," वहिनी म्हणाली. "दोरा कुजला होता तेव्हा ह्यांच्याकडेच दिला होता, वन्सं. म्हटलं ना मी तुम्हाला तेव्हा."

म्हणजे दोघांची जुनी ओळख. माझ्या छातीत एकदम थंड, स्वच्छ वाटलं, जसं हरवलेली किल्ली नेमकी त्याच खिशात सापडल्यावर वाटतं. आता मला एकच करायचं होतं: ह्या दोघांसमोर ते उघडं पाडायचं, आणि तिचा चेहरा बघायचा. चेहरा बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. मी पुडीतला एक नवा मोती उचलला. मोतीवाला "बाई, चिमट्याने" म्हणाला तोवर मी तो दातावर घासला होता. सरकला. दुसरा घासला. तोही सरकला. मला हसूच यायला लागलं. जुने खोटे, नवे खोटे, आणि वरून हात धुवा.

"हेही खोटेच आहेत," मी म्हणाले.

मोतीवाल्याने चिमटा खाली ठेवला. रागावला नाही, त्याचंच मला आश्चर्य वाटलं. "कोण म्हणतं?"

"माझे दात म्हणतात. तुम्हीच बघा, वहिनी. नाही, बघाच तुम्ही. ह्यांचा घ्या, आणि आईचाही घ्या. खरखरतोय का सांगा."

मी दोन्ही मोती तिच्यापुढे धरले. आता, मला वाटलं, आता. तिने उजव्या हाताने आधी नवा घेतला, दातावर ओढला, मान वाकडी करून विचार केला. मग आईचा घेतला. "खरखरतोय की," ती म्हणाली. "दोन्हीही. हा आईंचा तर जरा जास्तच."

"मला तर गुळगुळीत लागतात."

"सगळे?"

"सगळे. घरीही तसेच लागले. एकजात."

ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. मग तिने ओठ मिटले, पण हसू नाकावाटे फुटलंच. "वन्सं," ती म्हणाली, "अहो, समोरचे दात तुमचे कुठे आहेत?"

मी जीभ दातांमागून फिरवली. तिथे दात होते. गुळगुळीत, एकसारखे, कुणी कधी काही चावलंच नसावं असे. मोतीवाल्याने भिंग डोळ्याला लावलं आणि खाली बघितलं, म्हणजे त्यालाही हसू आवरत नव्हतं. वहिनी तर डोळे पुसत होती, माझ्या गुडघ्यावर थापट्या मारत होती. "डॉक्टर म्हणालेच होते, विसराल म्हणून. आणि मी म्हटलं ह्या काही विसरत नसतात. हरले बाई मी." मी एक आईचा मोती उचलला, तोंड बाजूला वळवलं आणि कडेच्या सुळ्यावर, माझ्या स्वतःच्या जुन्या दातावर, हलकेच ओढला. खरखरला. कानामागेपर्यंत शहारा गेला, आणि आईच्या मांडीवरच्या दुपारचा, कपाटातल्या कपड्यांचा, तापाचा वास एकदम नाकात आला. आई तिथे होती. ती थैलीत सबंध आठवडा होती आणि मी तिला खोटं ठरवत होते.

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला हे खोटे वाटत होते?" वहिनीचं हसू ओसरलं होतं आणि आता ती माझ्याकडे वेगळ्याच मायेने बघत होती. "आणि एका शब्दाने बोलला नाहीत. दुसरी कुणी असती तर पहिला आळ माझ्यावरच आला असता. घरात कपाट माझं, किल्ली माझी." तिने माझा हात दाबला. "एकट्याच बसून घाबरला असाल."

मी हातातला आईचा मोती परत कापडावर ठेवला. तिने डावा तळवा उचलला. खाली ते दोन मोती होते, अगदी सारखे, सबंध सरातले सर्वांत देखणे. "हे हारात घालायचे नाहीत," ती मोतीवाल्याला म्हणाली. "ह्यांच्या कानातले करायचे. मघापासून दडवून ठेवलेत, नाहीतर ह्या नको नको करत बसल्या असत्या. आईंचं काहीतरी लेकीच्या अंगावर नको का?"

"जरा आले मी," असं काहीतरी म्हणून मी उठले. काचेच्या दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि दादाचा नंबर लावला. घाईत नंबर दोनदा चुकला. मनात वाक्यं जुळवत होते: दादा, काही नाही रे, वेडेपणा झाला माझा, तू हसशील, माझे दात रे. तो हसेल, चार शब्द बोलेल, मी ऐकून घेईन, जन्मभर ऐकून घेईन. फोन लागला तर तिकडून ती बाई बोलायला लागली की आपण ज्यांना फोन करत आहात ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. मी बंद केला, परत लावला. परत तीच बाई, तोच शांत गुळगुळीत आवाज. ऑफिसात माणसाला शंभर फोन येतात, मी स्वतःला सांगितलं. वाण्याचा असेल, साहेबाचा असेल. आणि मग काचेतून आत बघितलं. वहिनी खिडकीशी उभी होती, कानाला फोन लावून. बोलत नव्हती, ऐकत होती. मोतीवाला पुड्या उगाच इकडच्या तिकडे करत होता, परक्या घरातलं कानावर पडलं की माणूस करतो तसं. एकदा तिने मान हलवली, जणू समोरच्याला दिसणार होती. मग फोन खाली केला आणि तशीच उभी राहिली. खिडकीतून येणाऱ्या त्या बिनउन्हाच्या उजेडात तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. हाच चेहरा बघायला मी आले होते. त्यावर चोरी नव्हती, राग नव्हता. दमलेली होती फक्त, आईच्या आजारपणातही मी तिला तशी बघितली नव्हती.

मी आत गेले. पायांना जायचं नव्हतं, तरी गेले. वहिनी खुर्चीवर बसली होती आणि आईचे मोती कापडावरून बोटांनी एकत्र ओढत होती, सावकाश, एकही सुटू न देता.

"वहिनी," मी म्हणाले, "दादाचा होता का? मी त्याला सांगणार होते, म्हणजे माझं चुकलं, सकाळी मी—"

"हो. ते म्हणाले." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नाही, उतरलेला नाही. "घरी ये, बोलायचंय, म्हणाले. मी सांगितलं, मोती खरे आहेत, दुकानातच बघितले. तर म्हणाले, मग ती असं का म्हणाली?" तिने क्षणभर वर बघितलं. "ते तुम्हीच सांगा त्यांना. मला सांगता आलं नाही."

"दातांमुळे. तुम्हीच तर म्हणालात, दातांमुळे."

"दातांमुळे गुळगुळीत लागले," ती म्हणाली. "बाकीचं कशामुळे?"

मोतीवाला उठून आतल्या दाराकडे गेला आणि तिथे काहीतरी शोधायला लागला. मला वाटलं तिने ओरडावं, चार माणसांत माझी लाज काढावी, मग मला रडता आलं असतं आणि रडून झाल्यावर आम्ही दोघींनी कुठेतरी चहा घेतला असता. ती ओरडणारी नव्हती. तीस वर्षांत ओरडली नव्हती. तिने आईचे मोती थैलीत भरले. कानातल्यासाठी बाजूला ठेवलेले दोन राहिले होते. ते चिमट्याने उचलले, क्षणभर उजेडात धरले, बघितले आणि तेही थैलीत टाकले. आता ते दोन कुठले, हे मला तरी सांगता आलं नसतं. मग थैली माझ्यापुढे कापडावर ठेवली आणि नाडी मुद्दाम मोकळी ठेवली.

"हे तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. "मुलीचा हार नव्या मोत्यांचा करू. आमच्या कपाटात आता नकोत हे."

"वहिनी, असं नका करू."

"घ्या." तिने पर्स खांद्याला लावली, चष्मा नीट केला. "मोजून घ्या."

ती उभी राहिली, जायला वळली नाही. खरंच थांबली होती, समोरच्याने मोजून होईपर्यंत थांबतात तशी. मोतीवाल्याचा चिमटा माझ्या हाताशी होता. मी थैली कापडावर रिती केली. मोती सगळीकडे पसरले, एक टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिनेच तो बोटाने अडवून माझ्याकडे सारला. दुसरं काय करावं ते मला सुचेना. मी मोजायला लागले.